मशालींच्या उजेडात ऑलिम्पिकची मॅरेथॉन मारणारा अनवाणी शिपाई

१० सप्टेंबर १९६०. रोम. संध्याकाळी साडेपाचला ऑलिम्पिकची मॅरेथॉन सुरू झाली.

४२ किलोमीटर पळायला ही काय वेळ झाली, असं तुम्हाला वाटेल. पण आयोजकांनी रोमच्या उन्हाचा धसका घेतला होता. शर्यत संपेपर्यंत अंधार पडणार, म्हणून प्राचीन आपियन मार्गावर मशाली घेतलेले सैनिक उभे केले होते. त्या उजेडात लोकांना पुढे दिसला तो एक अनवाणी गडी.

अबेबे बिकिला.

७ ऑगस्ट १९३२ ला इथिओपियातल्या जातो नावाच्या खेड्यात जन्मलेला हा पोरगा सम्राट हैले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई होता. स्वीडिश प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी त्याला घडवलं. रोममध्ये मिळालेले बूट पायाला बसेनात. अनवाणी पळायची सवय होतीच, मग बूट राहिले बाजूला.

मोरोक्कोचा रादी बेन अब्देसलाम त्याला चिकटून पळत होता. शेवट जवळ आला आणि अक्सुमचा स्तंभ दिसला. मुसोलिनीच्या राजवटीत इथिओपियातून उचलून आणलेला. बिकिलाने नेमका तिथेच वेग वाढवला आणि २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंदांत शर्यत मारली. जुना जागतिक विक्रम मोडला, तोही एका सेकंदापेक्षा कमी फरकाने.

आता यात संध्याकाळचा वाटा किती?

आपल्या शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं. गरम स्नायू चांगले चालतात, म्हणून कमी वेळात सगळा जोर लावायच्या खेळांना संध्याकाळ मानवते. मॅरेथॉनचं गणित वेगळं आहे. पळताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतली जवळपास तीन चतुर्थांश नुसती उष्णता बनते, आणि ती बाहेर टाकता आली नाही की पाय जड होतात. त्यामुळे उष्ण हवेत पहाटे, गार अंगाने सुरुवात केलेली बरी पडते. रोममध्ये शरीर तापलेल्या वेळेला होतं खरं, पण ऊन उतरत होतं. सगळ्यात अवघड शेवटचे किलोमीटर अंधारात आले. पहाटे सुरू होणाऱ्या शर्यतीत नेमकं उलटं होतं, शेवटी ऊन डोक्यावर येतं.

अर्थात संध्याकाळ सगळ्यांनाच सारखी होती. जिंकला तो बिकिलाच.

चार वर्षांनी टोकियोत शर्यत सुटली दुपारी एकला. त्यात पाचेक आठवड्यांपूर्वीच त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. तरी २ तास १२ मिनिटं ११ सेकंद, पुन्हा विक्रम, दुसरा धावपटू चार मिनिटं मागे. या वेळी पायात बूट होते. दुपारची वेळ नडली नाही, कारण तो ऑक्टोबर होता आणि हवा गार होती. घड्याळापेक्षा थर्मामीटर महत्त्वाचा, तो असा. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

१९६८ ला मेक्सिकोत मात्र दुखावलेल्या पायामुळे त्याला अर्ध्यात थांबावं लागलं. ती शर्यत त्याच्याच देशाच्या मामो वोल्डेने जिंकली. पुढच्या वर्षी मोटार अपघातात बिकिलाचे पाय कायमचे गेले. इंग्लंडमध्ये उपचार चालू असताना त्याने धनुष्य हातात घेतलं, टेबल टेनिसही खेळला. २५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला, तेव्हा वय होतं ४१. अंत्ययात्रेला हजारो लोक आले होते, आणि त्यांत खुद्द सम्राटही होते.