मातोश्री जिजाबाई : उजाड मुलुख वसविणारी राजपत्नी

शिवजयंतीस शिवनेरीच्या पायऱ्यांवर जी दाटी होते, तीत जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील आपली ज्ञातिकुटुंबे दर वर्षी असतातच. आम्हीही शाळकरी वयात घोडेगावाहून एस. टी.ने जुन्नरास आणि तेथून पायी गडावर गेलो होतो. शिवाई देवीस नारळ वाढवावयाचा, जन्मस्थानी पाळण्यापुढे हात जोडावयाचे, शिवकुंजातील मायलेकांची मूर्ती पाहावयाची आणि भाकरी सोडून गंगा-जमना टाक्यांचे गार पाणी प्यावयाचे, असा तो ठरलेला क्रम असे. परतताना वाटेवर सर्व गोष्टी निघत त्या शिवाजी महाराजांच्या. त्या मूर्तीतील मातेविषयी एवढेच सांगितले जाई की, त्यांनी बाळ शिवबास रामायण-महाभारतातील कथा सांगितल्या. ते खरेच आहे. परंतु कथा सांगणे हे त्या काळी घरोघरच्या आयांचे काम होते. मातोश्री जिजाबाईंनी त्याखेरीज दुसरे एक काम केले, जे फारच थोड्यांना साधते. ओस पडलेला मुलुख त्यांनी पुन्हा नांगराखाली आणला. स्मरणिकेच्या या पानांतून त्यांच्या चरित्राचा तो भाग वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातबर सरदार. त्यांच्या घरी १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला, असे परंपरा मानते. वेरूळच्या भोसल्यांचे ज्येष्ठ पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह लहान वयातच झाला. पुढे जाधव व भोसले या दोन घराण्यांत वितुष्ट आले आणि माहेर व सासर एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले जिजाबाईंना पाहावे लागले. त्याहून दारुण प्रसंग १६२९ च्या जुलै महिन्यात ओढवला. दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेलेले लखुजीराव, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांची निजामशहाने कपटाने हत्या करविली. शहाजीराजांनी आपल्या गरोदर पत्नीस शिवनेरीवर किल्लेदार विश्वासराव यांच्या आश्रयास ठेविले होते. किल्लेदारांची कन्या भोसल्यांच्या घरात दिलेली असल्याने ते व्याही होते. त्या गडावर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजांचा जन्म झाला. येथवरचा वृत्तान्त आपल्याकडील लहान मुलासही पाठ असतो.

त्यानंतर गडाखाली काय चालले होते, हे मात्र आपण सहसा सांगत नाही. १६३० साली पाऊस पूर्णपणे फसला आणि दख्खन व गुजरात या दोन्ही प्रांतांत दोन वर्षे भयंकर दुष्काळ पडला. देहूच्या तुकाराम महाराजांचे दुकान बुडाले व घरातील माणसे गेली, ती याच दुष्काळात. अन्नावाचून माणसे गावे सोडून निघाली, गुरे मेली आणि शेतांत तण माजले. त्यातच मोगल, निजामशाही व आदिलशाही फौजा हाच मुलुख तुडवीत होत्या. शहाजीराजे स्वतः या राजकारणाच्या मध्यभागी होते. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या जीवधन किल्ल्यावर ठेवलेला निजामशाही वंशातील एक लहान मुलगा त्यांनी पेमगिरीस आणून गादीवर बसविला आणि तीन वर्षे मोगलांशी झुंज दिली. शिवनेरीवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी अनेक आहेत. गडावर पाणी आणि गडाखाली हाहाकार, हे दृश्य जिजाबाईंनी मांडीवर तान्हे मूल घेऊन पाहिले असले पाहिजे. पाणी, धान्य आणि माणूस यांचे मोल त्यांस कोणी शिकविण्याची गरज त्यानंतर उरली नसावी, असे आम्हांस वाटते.

१६३६ साली माहुली येथे शहाजीराजांस तह करावा लागला. शिवनेरी, जीवधन, चावंड, हरिश्चंद्रगड हे आपल्या भागातील किल्ले मोगलांकडे गेले आणि शहाजीराजे आदिलशाही चाकरीत कर्नाटकात रवाना झाले. शिवनेरी त्यानंतर जिजाबाईंच्या हयातीत भोसल्यांच्या हाती पुन्हा आली नाही. जन्मस्थळाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण जुन्नरकरांनी ही गोष्टही ध्यानात ठेवावयास हवी. शहाजीराजांकडे पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही जहागीर मात्र राहिली. ती सांभाळण्यासाठी पतीचे नाव व अधिकार घेऊन जिजाबाई बाल शिवाजीसह पुण्यास आल्या. मध्यंतरी काही काळ त्या बेंगळुरास शहाजीराजांजवळ राहिल्या आणि १६४२ च्या सुमारास परत येऊन पुण्यातच स्थिर झाल्या. पती शेकडो कोस दूर, तेथे त्यांचा दुसरा संसार, आणि येथे ही जहागीर. अशा स्थितीत पुष्कळ राजस्त्रिया वाड्याच्या आत देवधर्मात काळ घालवीत. जिजाबाईंनी तसे केले नाही.

आणि जहागीर तरी कशी होती? १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून लुटले होते. गावावर गाढवांचा नांगर फिरविला आणि मधोमध लोखंडी पहार ठोकून तीवर फाटकी वहाण व केरसुणी टांगली, अशी परंपरा आहे. या जागी पुन्हा वस्ती करणाऱ्याचा निर्वंश होईल, असा त्या खुणांचा अर्थ. दुष्काळाने अर्धी माणसे नेली होती, उरलेली या शापाच्या भयाने परतत नव्हती. रानात लांडग्यांचा सुळसुळाट झाला होता. गाव मोडणे म्हणजे काय, हे आंबेगाव तालुक्यातील वाचकांस निराळे समजावून सांगावयास नको. ज्या गावाचे नाव आपला तालुका आजही लावतो, ते मूळचे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. घरे दुसरीकडे बांधता येतात, परंतु पार, देऊळ आणि पाणवठा यांवाचून गाव म्हणून पुन्हा एकत्र येण्यास किती काळ जातो, हे जाणणारी कुटुंबे आपल्यात आहेत.

जिजाबाईंनी पहिला घाव घातला तो भयावर. शिवाजीराजांच्या हस्ते पुण्याच्या भूमीत नांगर धरविला, आणि तो सोन्याचा होता, असे सांगतात. नांगर सबंध सोन्याचा होता की फाळास नुसता पत्रा होता, यावर वाद घालण्यात आम्हांस स्वारस्य नाही. महत्त्व आहे ते त्या कृतीच्या जाहीरपणास. शाप खोटा आहे असे तोंडाने हजारदा सांगून कुणबी परतला नसता. जहागीरदाराच्या एकुलत्या जवळ असलेल्या मुलानेच त्या भूमीत नांगर घातला, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा त्यांस धीर आला. निर्वंशाचे भय ज्या जागेस होते, तेथे आईने आपले मूल उभे केले. याहून मोठी ग्वाही कोणती असू शकते?

नांगरापाठोपाठ देऊळ आले. कसबा गणपतीचे मंदिर जिजाबाईंनी बांधविले आणि तांबड्या जोगेश्वरीची व्यवस्था लावली, ही पुण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. राहण्यासाठी लाल महाल उभा राहिला. (आज पुण्यात त्या नावाची जी वास्तू आहे, ती मूळची नव्हे, विसाव्या शतकातील आहे.) धनीण स्वतः गावात राहते, असे दिसल्यावर बलुतेदार आणि उदमी हळूहळू परतू लागले. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याने सवलत मिळाली. म्हणजे पहिल्या वर्षी सारा नाममात्र आणि पुढे वर्षागणिक थोडा थोडा चढता. लांडगे मारून आणणाऱ्या मावळ्यांस बक्षिसे दिली जात.

ही सर्व व्यवस्था दादोजी कोंडदेव यांची, असे जुन्या पुस्तकांतून आपण वाचत आलो. अलीकडच्या काळात दादोजींच्या स्थानाविषयी कडाक्याचे वाद झाले आणि काहींनी त्यांचे नाव पुसावयाचे ठरविले. आम्हांस दोन्ही टोके मान्य नाहीत. दादोजी हे आदिलशाहीकडून कोंढाण्याचे सुभेदार होते, शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार त्यांनी पाहिला आणि ते कडक व चोख होते, हे कागदांत आहे. परंतु कारभारी हिशेब मांडतो, धोरण धन्याचे असते, आणि पुण्यात धन्याच्या जागी जिजाबाई होत्या. १६४७ साली दादोजी वारले. त्यानंतर मुलुख विस्कटला नाही, उलट वाढला. वतनाचे तंटे, इनामांच्या तक्रारी जिजाबाईंपुढे येत राहिल्या आणि त्यांच्या नावाने पत्रे निघत राहिली. कारभाराची मुळे कोठे होती, याचा पुरावा आम्ही यातच मानतो.

पुण्याच्या दक्षिणेस शिवापूर येथे पेठ वसविली गेली आणि आमराई लावली गेली. शहाजीराजांच्या नावावरून तिला शहाबाग म्हणत. या बागेविषयी बखरीतून आलेली एक कथा आपल्याकडे अनेकांस ठाऊक असेल. बागेतील फळासही कोणी हात लावू नये, अशी ताकीद होती. एकदा दादोजींनीच चालता चालता एक आंबा तोडला. आपणच आपला नियम मोडला, हे ध्यानात येताच ते हात तोडून घेण्यास निघाले. लोकांनी आवरले, तेव्हा पुढे त्यांनी त्या हाताची अंगरख्याची बाही आखूड ठेविली. कथेत मीठमसाला असेल. परंतु नुकत्याच दुष्काळातून उठलेल्या मुलुखात, जेथे सरपणासाठी उभे झाड कोणीही तोडले असते, तेथे एका आंब्याची एवढी मातब्बरी लोकांच्या मनात ठसली, ही गोष्ट कथेपेक्षा मोठी आहे. लावलेले झाड फळास येण्यास वर्षे लागतात. आमराई लावणारा मनुष्य येथून उठून जाणार नाही, हे परतलेल्या रयतेने त्या रोपांवरून ओळखले असणार. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आंबा-फणसादी झाडांस धन्याच्या संमतीवाचून हात लावू नये, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असे धोरण मांडले. ती दृष्टी एकाएकी आलेली नव्हती.

स्वराज्याच्या स्थापनेपासूनचा इतिहास सर्वांस परिचित आहे, म्हणून तो येथे विस्ताराने सांगत नाही. मात्र जिजाबाईंनी वसविलेले सुरक्षित राहिले, असा समज होऊ नये. १६६० साली शाहिस्तेखान पुण्यात शिरला आणि जिजाबाईंच्याच लाल महालात ठाण मांडून बसला. १६६३ च्या एप्रिलमध्ये महाराजांनी छापा घालीपर्यंत तीन वर्षे पुण्याच्या आसपासची शेते मोगली घोड्यांनी चरली. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आला, तेव्हा त्याच्या सरदारांनी राजगड-सिंहगडाखालची गावे ठरवून जाळली. एकदा मोठ्या कष्टाने उभे केलेले दोनदा पायदळी गेलेले या बाईंनी पाहिले. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. जिजाबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या होत्या आणि महाराजांनी त्यांस मोठ्या विनवणीने परावृत्त केले, असे बखरी सांगतात. त्या थांबल्या, हे मुलखाचे भाग्य. कारण दोनच वर्षांनी, १६६६ साली महाराज आग्र्यास कैदेत पडले आणि राज्याची जबाबदारी जिजाबाईंवर येऊन पडली. अष्टप्रधानांतील पुढे नावारूपास आलेली माणसे त्यांच्या शब्दात वागली. राजा शत्रूच्या कैदेत असता राज्य फुटले नाही.

आग्र्याच्या आधीच्या वर्षी, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी महाराजांनी मातोश्रींची सुवर्णतुला केली आणि ते सोने दान केले. या सोहळ्याची वर्णने आपण आवडीने वाचतो. आम्हांस मात्र त्यांच्या उत्तरवयातील पाचाडची हकीकत अधिक जवळची वाटते. रायगडावरील थंड वारा त्यांच्या प्रकृतीस मानवेना, म्हणून गडाच्या पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला गेला. त्या वाड्याच्या आवारात विहिरी आहेत. त्यांपैकी एकीच्या काठावर टेकून बसण्यासाठी दगडी तक्क्या घडविलेला आहे आणि लोक तिला तक्क्याची विहीर म्हणतात. मातोश्री तेथे बसत आणि पाण्यास येणाऱ्या बायाबापड्यांची गाऱ्हाणी ऐकत, असे पाचाडकर सांगत आले आहेत. सदरेवर पाऊल टाकण्याची ज्यांची छाती नव्हती, त्या बायकांस पाणवठ्यावर बोलावयास संकोच नव्हता. आपल्याकडील कोणत्याही गावच्या आडावर घटकाभर बसलेल्यास यातील मर्म कळेल.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. शिवनेरीवर निराधार स्थितीत जन्मलेला मुलगा छत्रपती झालेला जिजाबाईंनी पाहिला. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेविला. पावसाळा तोंडावर आला होता आणि मावळात पेरण्यांची घाई चालू असली पाहिजे. त्यांची समाधी पाचाडासच आहे. रायगडास जाणारी बहुतेक मंडळी घाईने गड चढू लागतात. आपल्या वाचकांपैकी जे पुढे जातील, त्यांनी आधी पाचाडला उतरावे, समाधीचे दर्शन घ्यावे आणि ती तक्क्याची विहीरही पाहून यावी.