जंगलाला गुरू करणारा शास्त्रज्ञ

इंदूरचे नाव शेतीच्या ग्रंथांतून जगभर नेले ते सर अल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांनी. १९०५ साली ते बिहारात पुसा येथे आले. गव्हाच्या नव्या जातींनी त्यांचा लौकिक झाला. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांची संशोधनसंस्था उभी राहिली.

त्यांनी गुरू केले जंगलाला. तेथे खत कोणी घालीत नाही. गळलेला पाला कुजतो आणि त्यातूनच नवी रोपे उठतात. पालापाचोळा, शेण, मूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ढीग उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी बसविली. १९३० साली सहधर्मचारिणी व सहसंशोधिका गॅब्रिएल निवर्तल्या. १९३१ साली सहकारी यशवंत वाड यांच्यासह ग्रंथ प्रसिद्ध करून हॉवर्ड मायदेशी परतले.

पुढे इंग्लंडात वेअरहॅमच्या निकस माळावर पाइनची रोपे खुरटली होती. डॉ. रेनर या विदुषींनी थोडे कंपोस्ट घालताच मुळांशी नांदणारी बुरशी वाढली, रोपेही तरारली. हॉवर्डनी १९४० च्या ग्रंथात हा दाखला आवर्जून दिला. तोडलेले रान पुन्हा उभे राहते. मात्र त्याची माती जिवंत राहिली पाहिजे.