लोकनायक बापूजी अणे : यवतमाळचे वकील, सिलोनमधील भारताचे प्रतिनिधी

माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांचा जन्म 29 ऑगस्ट 1880 रोजी वणी येथे झाला. काही वर्षे अमरावतीत शिक्षकी केल्यावर त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांचे हे अनुयायी पुढे वऱ्हाडचे ‘लोकनायक’ झाले.

विदर्भाला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे 1930 मध्ये तिथे मिठाऐवजी जंगलचा कायदा मोडायचे ठरले. चारा आणि सरपणावरची बंधने शेतकऱ्याला रोज जाचत होती. 10 जुलै रोजी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून अणे तुरुंगात गेले.

1941 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये 21 दिवसांचे उपोषण आरंभले. सरकार त्यांची सुटका करेना, तेव्हा अण्यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. चहामळ्यांत राबणाऱ्या लाखो तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तिथे धुमसत होता. 1947 मध्ये ते परतले तेव्हाही तो सुटलेला नव्हता. 1948 च्या कायद्यामुळे यांतले बहुतेक मजूर नागरिकत्वाला मुकले.

पुढे अणे बिहारचे राज्यपाल आणि नागपूरचे खासदार झाले. 26 जानेवारी 1968 रोजी त्यांचे निधन झाले. टिळकांवरील त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णव’ या संस्कृत काव्याला 1973 मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.