मोडलेला संसार पुन्हा मांडणारे चिंतामणराव

संसारावर घाव बसला की माणूस बहुधा दोनांपैकी एक वाट धरतो. एक तर दैवाला बोल लावीत ओटीवर बसून राहतो, नाही तर घराची आठवणच नको म्हणून कामात बुडतो. तिसरी वाट अवघड. दुःख पोटात ठेवून पुन्हा घर मांडायचे आणि त्या घराचे दार चार लोकांसाठी उघडे ठेवायचे. चिंतामणराव देशमुख या तिसऱ्या वाटेने गेले, म्हणून त्यांची कथा आज वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या मुलखाने चार महिन्यांच्या अंतराने दोन पुरुष दिले. पेण तालुक्यात गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा जन्मले, आणि रायगडाजवळ नाते गावी १४ जानेवारी १८९६ ला चिंतामणराव. दोघांनाही संस्कृताची गोडी. विनोबांनी संसार मांडलाच नाही. चिंतामणरावांनी तो दोनदा मांडला. कोणाची वाट थोर हे ठरविणारे आम्ही कोण? पण तुम्हां-आम्हां प्रपंचात गुंतलेल्यांस चिंतामणरावांची वाट अधिक उपयोगी पडते, हे खरे.

वडील द्वारकानाथपंत वकील, आई भागीरथीबाई. बाळपण बरेचसे रोह्यास, कुंडलिकेच्या काठी गेले. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्रात पारितोषिक घेतले, आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक सोडला नाही. तिकडच्याच रोझिनाबाईंशी विवाह झाला. एक कन्या झाली, तिचे नाव प्रिमरोज.

१९४३ च्या ऑगस्टात ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या खुर्चीवर बसलेले हे पहिले भारतीय. साऱ्या देशाच्या पैशाचा हिशेब त्यांच्या हाती. परंतु आयुष्याचा हिशेब कोणाच्या हाती असतो? १९४९ च्या जूनअखेर ते पद संपले आणि त्याच वर्षी रोझिनाबाईही गेल्या. वय त्रेपन्न. कीर्ती अमाप, पण संध्याकाळी घरी वाट पाहणारे कोण? कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणणाऱ्या या पुरुषास विरह म्हणजे काय, हे आता पुस्तकातून समजून घ्यावयास नको होते.

१९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. नियोजन मंडळाच्या कामात दुर्गाबाईंची ओळख दृढ झाली. त्या आंध्रकन्या. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातून स्वतः बाहेर पडलेल्या, तुरुंगवास सोसलेल्या, आणि १९३७ साली आंध्र महिला सभा उभी करणाऱ्या. २२ जानेवारी १९५३ ला दोघांचा विवाह झाला. पंडित नेहरू एक साक्षीदार होते. वर सत्तावन्न वर्षांचा, वधू चाळिशी ओलांडलेली. मातृभाषा वेगळ्या, जन्मप्रांत वेगळे. नावे ठेवणाऱ्यांस निमित्त कमी पडते थोडेच! पण दोघेही पोळलेले होते, आणि पोळलेल्याला दुसऱ्याची जखम लवकर कळते.

या नव्या घराची परीक्षा तीन वर्षांतच झाली. मुंबई महाराष्ट्राला न देण्याचा घाट घातला गेला, मुंबईत गोळ्या चालल्या आणि चौकशी मात्र होईना. कुलाबा जिल्ह्याने निवडून दिलेल्या या खासदाराने १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले. खुर्ची गेली, घर हलले नाही. कारण ते खुर्चीवर बांधलेलेच नव्हते, कामावर बांधलेले होते. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठ त्यांनी सांभाळले. गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. दुर्गाबाई स्त्रियांच्या शिक्षणासाठी झिजत राहिल्या. १९७५ साली पद्मविभूषण एकाच वेळी दोघांसही मिळाले. दुर्गाबाईंनी या सहजीवनावर पुस्तकही लिहिले.

९ मे १९८१ ला दुर्गाबाई गेल्या. दुसऱ्यांदा एकटे झालेले चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ ला त्यांच्या मागोमाग निघाले.

आजही गावोगाव असे पुरुष भेटतात. बायको गेली, लेकरे दूर, घरात दिवा लावायचीही इच्छा उरत नाही. त्यांस आमचे एवढेच सांगणे: लग्न पुन्हा करा की न करा, तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण दिवा लावा आणि दार ओढून घेऊ नका. गेलेल्या माणसाची आठवण उजेडातही राहते, बरं का!