श्रमाचा अभ्यासक बाबासाहेब

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्या घराघरांत फ्रेम करून लावलेली असते. जयंतीच्या भाषणात ती एका दमात म्हटली जाते आणि टाळ्या पडतात. पण त्या पदव्यांसाठी त्यांनी कशाचा अभ्यास केला, आणि तो पुढे कुणाच्या कामी आला, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. आज आपल्या वस्त्यांतली काही मुलं-मुली श्रम आणि रोजगार या विषयात पीएच.डी. करायला निघाली आहेत. घरचे विचारतात, याने पोट भरणार का? काही ठिकाणी मार्गदर्शकच सुचवतात, जात बाजूला ठेवा, नुसता कामगार घ्या. या मुलांसाठी आम्ही बाबासाहेबांचं चरित्र याच एका बाजूने मांडत आहोत.

1913 साली वडील सुभेदार रामजी गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि परतल्यावर बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी त्यांनी समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास हेही विषय घेतले. 1915 मध्ये एम.ए. झालं. 1916 मध्ये मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याच काळात भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा आणि सरकारी वित्ताचा त्यांचा अभ्यासही चालू होता. पैसा आणि जात हे दोन विषय त्यांनी पंचविशीतच शेजारी शेजारी ठेवले होते.

1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली, तेवढाच धागा उरला. सामान घेऊन निघालेलं जहाज महायुद्धात बुडालं, त्यात त्यांची पुस्तकं गेली. बडोद्यात अधिकारी म्हणून रुजू झालेल्या या माणसाला राहायला घर मिळेना. पारशी खानावळीतून त्यांना हुसकून काढलं गेलं. कचेरीतला शिपाईही शिवाशिव पाळत असे. ते मुंबईला परत आले.

संशोधन करणाऱ्या आपल्या मुलांनी ही पुढची तीन वर्षं नीट वाचावीत. बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळल्यावर गिऱ्हाईक तुटलं. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात महिना 450 रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. त्या पगारात चैन न करता, परळच्या चाळीत राहून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिलं, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. मागे घर रमाईंनी चालवलं. उपास काढले, पोरांची दुखणी आणि मरणं सोसली. रमाईंच्या त्या श्रमाची नोंद कुठल्याही प्रबंधात नाही, पण त्या पदव्यांखाली तो श्रम आहे, हे आपण विसरू नये.

दुसऱ्या खेपेलाही वाट सरळ नव्हती. 1921 मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी 1923 च्या मार्चमध्ये बदल सुचवून परत दिला. हातातले पैसे संपल्याने त्यांनी मुंबईत येऊन तो दुरुस्त केला आणि पाठवला. वर्षअखेरीस पदवी मिळाली. मार्गदर्शक एडविन कॅनन यांना त्यातले काही निष्कर्ष मान्य नव्हते, तरी त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून झाल्यावर, 1927 मध्ये हाती आली. न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षं! फेलोशिप रखडली, प्रबंध परत आला म्हणून खचणाऱ्या प्रत्येकाने हा हिशोब लक्षात ठेवावा.

आता त्यांनी श्रमाबद्दल काय शोधलं ते पाहू. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी बहुतेक जण म्हणत, शेतांचे तुकडे झाले म्हणून शेती तोट्यात आहे, ते एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा धरला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही; त्यावर बैल-अवजारं किती, भांडवल किती, हात किती, यावर ठरतं. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, त्यांना पुरेसं काम नाही, आणि हे रिकामे हात उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असं त्यांनी मांडलं. छुपी बेरोजगारी हा शब्द अभ्यासकांच्या तोंडी येण्याआधीचं हे लेखन आहे.

पुढे परळच्या चाळीत त्यांचं वास्तव्य गिरणी कामगारांमध्येच होतं. गिरणीत साचेखात्यात पगार बरा मिळे, पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव होता. कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. एकाच मालकाचे कामगार, एकाच लाल बावट्याखालचे, पण एका खात्याचं दार जातीने बंद! संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जातीने कामाची वाटणी होते एवढंच नाही, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली जातात, हा 1936 सालच्या त्यांच्या ग्रंथातला सिद्धान्त अशा अनुभवावर उभा आहे.

महारवतनाकडेही त्यांनी असंच पाहिलं. मुंबई कायदेमंडळात 1928 मध्ये विधेयक आणताना त्यांनी हिशोब मांडला: सरकार या माणसांकडून रात्रंदिवस किती काम घेतं आणि मोबदला किती तुटपुंजा देतं. विधेयकाची मोडतोड झाल्यावर त्यांनी ते मागे घेतलं. ते वतन अखेर 1958 च्या कायद्याने संपलं. 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी आपली माणसं गँगमन आणि हमाल याच पायरीवर का अडकतात, हे उलगडून सांगितलं. त्याच वर्षी संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते संपातही उतरले.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मजुरांच्या स्थितीची माहितीच पुरेशी नव्हती. मग 1944 मध्ये रेगे समिती नेमली गेली आणि तिने तीसहून अधिक उद्योगांत वेतन, घरं, कर्ज, कामाची स्थिती यांची पाहणी केली. धनबादकडच्या कोळसा खाणींत ते स्वतः खाली उतरले. खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला, सेवायोजन कार्यालयं उभी राहिली, आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 झाले, आणि किमान वेतनाचं विधेयक त्यांनी 1946 मध्ये मांडलं. युद्धाच्या निकडीत बायकांना पुन्हा खाणीखाली कामाला लावण्याचा सरकारचा निर्णय त्यांना सभागृहात राखावा लागला, हेही आपण लपवू नये. त्या वेळीही पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी, ही बाजू त्यांनी धरून ठेवली. 1946 मध्ये ती बंदी परत लागू झाली.

आज मापनाशिवाय कायदा होत नाही असं आपण सहज म्हणतो. ते माप घेण्याची सवय बाबासाहेबांना ग्रंथालयात लागली आणि त्यांनी ती मंत्रालयात नेली.

म्हणून श्रमावर संशोधन करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आम्ही सांगतो, जात बाजूला ठेवून कामगार दिसत नाही. गटारात कोण उतरतं, सफाईच्या कंत्राटात कुणाची नावं असतात, उसाच्या फडात कोयता कुणाच्या हाती असतो, नाक्यावर उभं राहणाऱ्यांपैकी मुकादम कोण होतो, घरकाम करणाऱ्या बाईला कप वेगळा का मिळतो, हे सगळे संशोधनाचे विषय आहेत. ज्यांनी हे काम केलं, त्यांच्याच मुलांनी आता ते मोजायचं आहे. आणि समाजाने, विशेषतः आपल्या नोकरदार वर्गाने, जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा अशा एका विद्यार्थ्याच्या रखडलेल्या वर्षासाठी बाजूला काढावा. बाबासाहेबांची अर्धवट राहिलेली पदवी एका मित्राच्या कर्जाने पुरी झाली होती. भथेना व्हायला श्रीमंत असावं लागत नाही.

जय भीम!