फवारणीचा मजूर आणि मजूरमंत्री बाबासाहेब

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे मेली आणि आठशेच्या आसपास दवाखान्यात गेली. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती. पंपाचा तुषार वर मारावा लागे आणि तोच तोंडावर, छातीवर परत येई. बोंडअळी हटेना म्हणून दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवली जात होती. मरणाऱ्यांत रोजाने पंप वाहणारे मजूर होते, अल्पभूधारक होते. आपल्याकडे या विषाला औषध म्हणतात! कृषी केंद्रातून औषध आणायचे, औषध मारायचे. मग साहेब लोक म्हणाले, मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही. म्हणजे दोष मेलेल्याचाच.

अशा वेळी आम्हाला बाबासाहेबांच्या चरित्राचा एक धागा आठवतो. जयंतीच्या भाषणांत तो सहसा येत नाही. कष्टकऱ्याच्या देहाला काय भोगावे लागते, याचा विचार या माणसाने आयुष्यभर केला.

१४ एप्रिल १८९१ ला महू येथे त्यांचा जन्म झाला. साताऱ्याची शाळा, एल्फिन्स्टन, कोलंबिया, लंडन हा प्रवास वाचकांना पाठ आहे. पण विद्वत्तेच्या या काळातच त्यांचे बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत, गिरणगावातल्या कामगारांच्या शेजारी होते. रमाई आणि बाबासाहेबांची चार मुले लहानपणीच गेली. गरिबाच्या घरात मरण कसे येते, हे त्यांना अहवालातून कळायची गरज नव्हती.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही टाकून ते तळे शुद्ध केले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे ते शास्त्र. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, हलकी कामे सोडा, असे आपल्या माणसांना बजावले. ज्या घाणीने खरोखर शरीर आणि मान दोन्ही खचतात, ती घाण जातीच्या नावाने आपल्या वाट्याला दिली गेली होती. विटाळ कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकारच त्यांनी महाडला हिसकावून घेतला.

गिरणीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला. पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण कांडीतला धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या माणसाचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. धोटा तोंडोतोंडी फिरल्याने रोग पसरतात, ही गोष्ट डॉक्टरांनाही खटकत होती. पण गिरणीत चर्चा विटाळाची. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणकाम खात्यातील प्रवेशाची मागणी करायला लावली. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी कामगारांनी आपापसातला हा भेद सोडावा, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ते पचायला जड गेले.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. खोतीविरुद्धचे विधेयक, जानेवारी १९३८ चा शेतकऱ्यांचा मोर्चा, नोव्हेंबर १९३८ चा संप, हे सारे त्या पक्षाचे. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या बाजूला गेले आणि स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. नंतरच्या जानेवारीत खाणमजुरांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर घ्यायचा आणि तो पैसा मजुराच्या दवाखान्यावर, घरावर, पाण्यावर खर्च करायचा. त्यांच्याच खात्याने १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली. १९४८ चा राज्य विमा कायदा तिच्यातूनच पुढे आला. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास १९४६ मध्ये ४८ वर आले.

एक गोष्ट आम्ही झाकणार नाही. युद्धाच्या काळात कोळसा कमी पडला तेव्हा स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास असलेली बंदी सरकारने उठवली आणि बाबासाहेबांनी मंत्री म्हणून कायदेमंडळात त्या निर्णयाची बाजू मांडली. त्यांना समान मजुरी मिळेल हे त्यांनी पाहिले, आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तरीही निर्णय कठोर होता, असेच आमचे मत आहे.

खाण आणि गिरणी येथवर कायदा पोहोचला. शेताच्या बांधाशी मात्र तो थांबला. बाबासाहेबांना हे दिसत होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिक रीतीने कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार उरणार नाही आणि भूमिहीन मजूरही उरणार नाही, असा मार्ग मांडला. तो घटनेत आला नाही. आले ते मार्गदर्शक तत्त्वांत. अनुच्छेद ३९ मध्ये कामगारांच्या आरोग्याचा गैरवापर होऊ नये असे आहे आणि अनुच्छेद ४३ मध्ये शेतमजुराचा स्पष्ट उल्लेख आहे. पण ही तत्त्वे घेऊन न्यायालयात दाद मागता येत नाही.

मार्च १९५६ मध्ये आग्र्याला ते बोलले तेव्हा खेड्यातल्या भूमिहीनांसाठी आपल्या हातून पुरेसे झाले नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली. ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला ते गेले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच वाटेने.

यवतमाळचा मजूर त्यानंतरच्या पिढ्यांतला. मोनोक्रोटोफॉससारखे विष रक्तातले एक विकर बंद पाडते. ते किती बंद पडले हे सांगणाऱ्या तपासणीची सोय २०१७ मध्ये यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात नव्हती. त्या विषावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात कीटकनाशक फवारणाऱ्याची नोंद तेव्हा होतीच. पण भरपाई मागायची तर कोणत्या दिवशी कोणाच्या वावरात पंप पाठीवर होता, रोज किती ठरला होता, हे दाखवावे लागते, आणि गावात हजेरीपट ठेवतो कोण? शासनाने मृतांच्या वारसांना २ लाख रुपये जाहीर केले, तेही मदत म्हणून. १९४४ मध्ये कोळशाच्या टनावर उपकर बसू शकला. मग कीटकनाशकाच्या लिटरवर तो का बसू नये, आणि त्या पैशातून तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासण्याची सोय का होऊ नये, हा प्रश्न आम्ही यवतमाळच्या आमदार-खासदारांना विचारतो.