मुष्टियोद्धा जो लुई

मधल्या सुटींत शाळेच्या व्हरांड्यांतून जातांना विद्यार्थ्यांचा एक वाद आमच्या कानीं वारंवार पडतो. भारी वजनाच्या मुष्टियुद्धांत आतां कोणाची गांठ कोणाशीं पडणार, नवा गडी जुन्यास लोळवील कीं काय, याविषयीं ते मोठ्या हिरिरीनें बोलत असतात. त्या योद्ध्यांच्या देहाचें पुढें काय होतें, हा प्रश्न मात्र कोणी काढल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. यास्तव या विद्येंत ज्याची सर फारच थोड्यांस आली, त्या जो लुई या अमेरिकन वीराचें चरित्र आम्ही आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सादर करितों.

जो लुई बॅरो याचा जन्म ता. १३ मे १९१४ रोजीं अलाबामा प्रांतांतील एका गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरीं झाला. त्याचे आजे गुलामगिरींत वाढलेले. आठ भावंडांत याचा क्रम सातवा. तो अगदीं लहान असतांनाच त्याच्या बापास वेडाच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. १९२६ सालीं हें कुटुंब डेट्रॉइट शहरीं आलें. आईनें मुलास व्हायोलिन शिकण्याकरितां पैसे द्यावे आणि मुलानें ते तालीमखान्यांत भरावे, असा क्रम तेथें कांहीं काळ चालला. ही लपवाछपवी आम्ही वाखाणीत नाहीं. परंतु व्हायोलिनच्या पेटींत हातमोजे दडवून नेणाऱ्या त्या मुलाचें चित्र डोळ्यांपुढें आलें म्हणजे हसूंही आवरत नाहीं.

१९३२ सालच्या पहिल्या हौशी सामन्यांत तो अनेक वेळां जमिनीवर आपटला. तथापि खचून न जातां त्यानें मेहनत चालविली व १९३४ च्या जुलैंत तो धंदेवाईक योद्धा झाला. जॅक ब्लॅकबर्न या जुन्या जाणत्या वस्तादानें त्यास पायांचा तोल, डाव्या हाताचा नेम आणि अंगचा धीर शिकविला. एकामागून एक प्रतिस्पर्धी हटूं लागले. पैसा आला, कीर्ति आली आणि तिच्या मागोमाग गाफीलपणाही आला.

ता. १९ जून १९३६ रोजीं जर्मन योद्धा माक्स श्मेलिंग याच्याशीं त्याची गांठ पडली. लुईनें सरावाचा वेळ गोल्फ खेळण्यांत दवडला होता. इकडे श्मेलिंगनें त्याच्या लढतींचे चित्रपट पाहून एक मर्म हेरलें: डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुई तो हात खालीं सोडी. त्या उघड्या जागीं घाव घालून श्मेलिंगनें बाराव्या फेरींत त्यास निजविलें. पुढच्याच वर्षीं, ता. २२ जून १९३७ रोजीं, शिकागो येथें जेम्स ब्रॅडॉक यास आठव्या फेरींत जिंकून लुई जगज्जेता झाला. पण श्मेलिंगला जिंकीपर्यंत त्याच्या मनास चैन नव्हतें. बरोबर एक वर्षानें न्यूयॉर्कमध्यें सुमारें ७०,००० प्रेक्षकांसमोर तो दुसरा सामना झाला. हिटलरच्या राजवटीनें श्मेलिंगला आपल्या वंशश्रेष्ठतेचा नमुना म्हणून मिरविलें होतें. लुईनें अवघ्या १२४ सेकंदांत निकाल लाविला. ज्या देशांत काळ्या माणसास अनेक हॉटेलांची दारें बंद होतीं, त्या देशानें त्या रात्रीं त्यास आपला वीर म्हटलें.

१९४२ च्या आरंभीं तो सैन्यांत दाखल झाला. त्या वर्षींच्या दोन सामन्यांची आपली कमाई त्यानें आरमाराच्या व लष्कराच्या साहाय्यनिधींस दिली. आणि हें त्या काळीं, जेव्हां आरमारांत कृष्णवर्णीयांस बहुधा स्वयंपाकघरांतील चाकरीच मिळे. जगज्जेतेपद त्यानें २५ वेळां राखलें आणि १९४९ च्या मार्चांत, अजिंक्य असतांनाच, तें सोडलें.

येथेंच ही कथा संपती तर किती बरें होतें! परंतु त्याचा हात सढळ, हिशेब दुसऱ्यांच्या हातीं, आणि सरकारचा आयकर थकलेला. तें देणें पांच लक्ष डॉलरांवर गेलें. तें फेडण्याकरितां शरीर नको म्हणत असतां त्यास पुन्हां रिंगणांत उतरावें लागलें. १९५० सालीं एझर्ड चार्ल्सनें त्यास हरविलें. ता. २६ ऑक्टोबर १९५१ रोजीं रॉकी मार्सियानो या तरुणानें ३७ वर्षांच्या लुईस आठव्या फेरींत दोरांबाहेर पाडलें. जिंकणारा तरुणच पुढें आपल्या खोलींत रडला, असें सांगतात. त्यानंतर पोटासाठीं त्या महान् योद्ध्यानें कुस्तीचे तमाशेही केले.

डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनीं मेंदूस कायमची इजा होते, हें मार्टलंड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें १९२८ सालींच लिहून ठेविलें होतें. लुईचें मन उतारवयांत संशयानें ग्रासलें. १९७० सालीं त्यास डेन्व्हर येथें मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. सर्व दोष ठोशांवर लादणें न्याय्य नव्हे. पित्याचा तसाच आजार व मादक द्रव्याचा नाद हींही विसरतां येत नाहींत. पण शरीर ही ईश्वरानें दिलेली ठेव आहे, आणि टाळ्या वाजविणारा कोणीही ती परत भरून देत नाहीं, एवढें खरें.

अखेरच्या वर्षांत तो चाकांच्या खुर्चीस खिळला. ता. १२ एप्रिल १९८१ रोजीं तो वारला; आदल्याच रात्रीं तो लास वेगास येथें भारी वजनाचा एक सामना पाहावयास गेला होता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीं खास परवानगी दिली व आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमींत त्याचा देह विसांवला.

आणि त्याच्या विपत्काळीं धांवून येणाऱ्यांत कोण होता? तोच माक्स श्मेलिंग! १९३८ च्या नोव्हेंबरांत ज्यूंवर हल्ले होत असतां त्यानें दोन ज्यू मुलांस आपल्या खोलींत लपवून वांचविलें होतें. युद्धानंतर तो लुईस शोधीत अमेरिकेस आला, दोघे स्नेही झाले, आणि लुईच्या अंत्यविधीच्या खर्चासही त्यानें हातभार लाविला. वैऱ्यावर प्रीति करावी, ही आमच्या प्रभूची शिकवण अशक्य आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें स्मरावें.

मित्रहो, पुढील सामन्याविषयीं वाद खुशाल घाला. मात्र वाद घालतांना त्या दोघां लढणारांच्या पुढल्या तीस वर्षांचाही विचार तुमच्या मनांत येवो, एवढीच आमची इच्छा आहे.